माय उनी: एक मिनिट दहा सेकंद

आईला जाऊन दीड वर्ष झालं आणि ती आबांकडे येऊ लागली. ती आली की आबांची नजर थिजायची, ओठ चुटुचुटु हलायचे, उजवा हात सदऱ्याची गुंडी चाचपत राहायचा. मग भानावर येऊन ते म्हणायचे, "उनी व्हती."

अहिराणीत ही मोठी सोय आहे. लाईट आली, एसटी आली, देवी अंगात आली, फिट आली, सगळ्यांना एकच शब्द: उनी. त्यामुळे तीन महिने आम्ही बापलेक एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं दोघांनाही वाटत होतं.

शेवटी त्यांना नंदुरबारला चारुलता मॅडमकडे नेलं. मेंदूच्या डॉक्टर.

"काका, असं होण्याआधी कसला वास येतो का?"

"करपेल दूधना," आबा लाजत म्हणाले.

छत्तीस वर्षांच्या संसारात आईने बहुतेक दूध करपवलंच होतं. गॅसवर पातेलं ठेवायचं आणि कुंपणापाशी शेजारच्या रंजनाबाईशी बोलत उभं राहायचं, ही तिची पद्धत.

मॅडमनी मेंदूचा फोटो उजेडावर धरला. शेंगदाण्याएवढा पांढरा ठिपका होता. "हे सगळं इथून येतं, काका."

आबा ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यावर आहेत. सव्वीस वर्षं गावाचा वॉल्व्ह फिरवतात. त्यांनी ठिपका नीट पाहून घेतला.

"मॅडम, हाऊ वॉल्व्ह शे. वॉल्व्हमा पानी तयार व्हस का? टाकी कोठे शे?"

टाकीबद्दल मॅडमनी काही लिहून दिलं नाही. गोळ्या लिहिल्या, सकाळ-संध्याकाळ. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नवनीत, प्रत्येक वेळी मोबाईलवर वेळ मोज. पाच मिनिटांवर गेलं तर जिवावर बेतेल."

दोन दिवस आबांनी गोळ्या घेतल्या. आई आली नाही. तिसऱ्या दिवसापासून गोळी जिभेखालून तुळशीत जाऊ लागली. आमची तुळस तेवढी निवांत झाली.

आई परत आली. एक मिनिट दहा सेकंद. मग एक चाळीस. मग दोन पन्नास.

"आते जास्त बसस ती," आबा खुशीत सांगायचे.

आईचा मुक्काम वाढत होता, आणि पाहुणी कधी उठते म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो. गोळी वरणात कुस्करली, आबांनी वरण सोडलं. भाकरीत घातली, भाकरी सोडली. मग एका गुरुवारी तीन मिनिटं झाली, चार झाली, आबांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "आई, जा आता! पाया पडतो, जा!"

चार चाळीसला ती गेली.

आबा कितीतरी वेळ घामात पडून होते. मग म्हणाले, "काबं आरडना तू तिन्हावर? तिले वाईट वाटनं."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याशी पैज लावली. आठ दिवस गोळी घ्यायची. तरीही आई आली, तर गोळी कायमची; नाही आली, तर गोळी बंद. आबा सरळ माणूस. कबूल झाले. मी सरळ नाही. दुसऱ्या दिवशी मी अर्धा लिटर दूध गॅसवर ठेवलं आणि बाजूला उभा राहून ते मन लावून करपवलं.

वास बाहेर अंगणातल्या ओट्यावर गेला. आबा खाटेवर उठून बसले, केसांवरून हात फिरवला, गुंडी लावली. वाट पाहिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पातेल्याचा तळ काळा झाला आणि आबांचं जेवण तुटलं.

चौथ्या दिवशी त्यांनी गोळी तळहातावर धरली आणि ते रडायलाच लागले.

"वास येस. ती येत नही. दारलोंग येस आनि माघारी जास. रागे भरेल शे ती. आते गोयी नको मले."

खरं सांगितलं तर गोळी आईला अडवते हे ठरणार, म्हणजे गोळी बंद. नाही सांगितलं तर आई रोज दारातून रुसून जाणार, तरी गोळी बंदच. मला सुचेल तेवढं खोटं करून झालं होतं.

"आबा, दूध मीच करपाडस."

"कितलं?"

"अर्धा लिटर. रोज."

"म्हंजे ती रागे भरेल नही?"

"ती उनीच नही, आबा. एक दिन बी नही उनी."

त्यांची नजर थिजली. मी घाईघाईने मोबाईल काढून वेळ लावली. पन्नासाव्या सेकंदाला आबा म्हणाले, "बंद कर ते. इचार करी ऱ्हायनू."

मग हळूच बोलले, "वॉल्व्ह बंद करा म्हनीसन टाकी रिकामी व्हत नही."

हा आवाज मला ओळखीचा होता. मे महिन्यात टाकीचा तळ उघडा पडलेला असतो, रंजनाबाई हंडा घेऊन विचारायला येतात, तेव्हा आबा याच आवाजात सांगतात, "येई ना पानी, येई."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले. मग मी सांगायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं, जीभ उचलून दाखवली. खाली काही नव्हतं.

"सकाये कमी करपाड," ते म्हणाले. "तुन्ही माय इतली बी येडी नव्हती."