डावीकडचा फुगा

"काका, हॉर्न वाजवा बरं एकडाव," नितेश म्हणाला.

सूर्यभाननं स्टेअरिंगच्या मधोमध तळवा दाबला. हॉर्न खणखणीत वाजला. गॅरेजच्या पत्र्याखाली झोपलेलं कुत्रं वैतागून उठलं आणि पलीकडच्या टायरांच्या ढिगामागं जाऊन पडलं.

"मंग पट्टी तं शाबूत दिसते," नितेश स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. स्टेअरिंगच्या मागं तारांची एक चपटी पट्टी गुंडाळलेली असते, चाक फिरेल तशी ती सैल-घट्ट होते आणि वापरून वापरून तुटते. एअरबॅगचा दिवा लागून राहिला की दहांतल्या आठ गाड्यांत तीच तुटलेली निघते. पण ती तुटली तर बहुतेक वेळा हॉर्नही जातो. इथं हॉर्न ठणठणीत, आणि स्कॅनर मात्र एकच सांगत होता, की ड्रायव्हरच्या बाजूच्या एअरबॅगचं सर्किट कुठंतरी तुटलं आहे.

"उघडून पाहा लागते," नितेश म्हणाला. त्यानं बॅटरीची तार काढली. "थोडा दम धरू. करंट पूर्ण उतरू द्या. हे फुटलं ना तं तोंड फोडते."

"माहीत हाय मले," सूर्यभान म्हणाला. "एकडाव खाल्लं हाय म्या तोंडावर."

खरं म्हणजे त्याला इथं यायची गरज नव्हती. सकाळी बडनेरा सोडल्यावर समोरच्या काट्यांशेजारी तो लाल दिवा लागला होता. पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्या पुढ्यात एक गोळा, असं चित्र. शेजारी बसलेल्या मालकांनी, वामनरावांनी, तो पाहिला आणि म्हणाले, "राहू दे, लागत असते तसा. अमरावतीत पाहू." अकोल्यात मित्राच्या कापसाच्या जिनिंगवर त्यांची बैठक होती. त्यांना तिथं सोडून सूर्यभाननं पोटात काही न टाकता आधी गॅरेज शोधलं. संध्याकाळी परत जायचं, हायवेला ट्रकांची रांग असते, भाऊसाहेबांच्या जिवाशी खेळ नको, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

वामनराव नेहमी पुढं, त्याच्या शेजारीच बसत. मागं बसलं की त्यांना गाडी लागते. सूर्यभानला मात्र त्या बसण्याचा अभिमान होता. दुसरे मालक मागं पाय पसरून बसतात, आमचे भाऊसाहेब खांद्याला खांदा लावून बसतात, असं तो आपल्या गावी, भातकुलीत, चारचौघांत सांगे. त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांची वेळ त्याला पाठ होती. त्यांच्या मुलाला, शेखरला, गाडी चालवायला त्यानंच शिकवलं होतं. भातकुलीच्या बाजारात भाजी विकणारी त्याची बायको मैनाबाई दर मोसमात आंब्याचं लोणचं घातलं की पहिली बरणी वामनरावांच्या घरी पाठवायची.

गेल्या हिवाळ्यात कुरणखेडच्या अलीकडं एक रोही, घोड्याएवढी नीलगाय, उसळी मारून रस्त्यात आलं. धडक झाली, कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि दोघांच्याही पुढ्यात पांढरे फुगे फुटले. सूर्यभानचं मनगट भाजलं, तोंडात फुग्यातली खारट पावडर गेली. तसाच धडपडत तो पलीकडं गेला, वामनरावांचा पट्टा सोडवला आणि त्यांना उचलून बाहेर बसवलं. मग आपलं तोंड पुसलं. पुढं कितीतरी दिवस वामनराव लग्नांतून, बारशांतून हे सांगत होते, "फुगे होते म्हणून वाचलो. मी अन् सूर्यभान, दोघंही संगंच."

नितेशनं स्टेअरिंगच्या कडेनं पेचकस घातला आणि मधलं झाकण उचललं. ते फारच सहज निघालं. त्यानं ते हातात तोललं, उलटं केलं.

"काय झालं?" सूर्यभाननं विचारलं.

"काका, याच्यात काहीच नाई."

झाकणाच्या आत जिथं घडी घातलेली पिशवी आणि तिचा लोखंडी डबा असायचा, तिथं जुन्या गादीतला असावा तसा स्पंज कोंबला होता. पिवळ्या तारांच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली. नितेशनं ती सोडवली. आत तांदळाच्या दाण्याएवढा, रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर होता. त्याचा एक पाय सोल्डरचा डाग सुटून निखळला होता.

"हे लावलं का गाडीच्या कॉम्प्युटरले वाटते, फुगा जागेवर हाय. दिवा लागत नाई," नितेश म्हणाला. "आज याचा पाय सुटला, म्हणून लागला. नाईतं तुमाले कधीच समजलं नसतं."

सूर्यभान त्या पोकळ झाकणाकडं बघत राहिला. दसऱ्याला त्यानं यावरच हळदीकुंकू लावलं होतं. गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा नारळही त्यानंच फोडला होता. तेव्हापासून अमरावती-अकोला, अमरावती-नागपूर, रोज या चिंधीवर छाती देऊन तो बसत होता.

पहिला राग आला तो वामनरावांसाठी. "भाऊसाहेबाले फसवलं पुंजाजीनं," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाले लुबाडलं. त्यायच्या साइडले बी हेच केलं असन. पाह्य बरं तिकडं."

"स्कॅनर तं तिकडचा बरोबर दाखवून राहिला. पण आता त्याच्यावर भरवसा नाई." नितेशनं डावीकडचा सामानाचा कप्पा उतरवला, आत टॉर्च मारला, मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. बाहेर आला तेव्हा तो सूर्यभानकडं बघत नव्हता. "तिकडं हाय, काका. कंपनीचा हाय. नवा हाय."

सूर्यभाननं अमरावतीला पुंजाजीला फोन लावला. ज्याच्या गॅरेजात गाडी दुरुस्त झाली तो हाच. सूर्यभाननं त्याला एक शब्द बोलू दिला नाही. माणसाच्या जिवाचा धंदा करता काय, लाज वाटते का, म्हाताऱ्या मालकाले उल्लू बनवता काय, असं तो बोलतच गेला. पुंजाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं तुमचं?" मग तो म्हणाला. "सूर्यभानभौ, म्या दोन्ही फुगे टाकाले सांगतले होते. हात जोडून सांगतलं. तुमचे मालकच म्हनले, माह्याकडचा टाक. तिकडचा राहू दे, फक्त दिवा बंद कर. मी काय करू? माह्यावर कायले तापता, त्यायले विचारा."

फोन बंद झाला. नितेश पान्हे पुसत होता. पुसून झालेलेच पुन्हा पुसत होता.

"दुसरा रेझिस्टर लावून देऊ का, काका? दिवा बंद होईन. घरपोच तं जासान."

"नाई," सूर्यभान म्हणाला. "झाकण लाव. दिवा तसाच राहू दे."

जिनिंगच्या फाटकाबाहेर लिंबाखाली गाडी लावून तो बसला. इतक्या वर्षांत त्यानं वामनरावांच्या तोंडावर कधी उलटं बोललेलं नव्हतं. पोरगी आचल कॉलेजात होती. घरी सांगायचं काय, हा विचारही येऊन गेला. पण त्या सगळ्याच्या वर एक गोष्ट राहून राहून डोक्यात येत होती. कोणाकडून चूक होते, कोणी विसरतं, ते वेगळं. इथं एक माणूस गॅरेजात उभा राहिला होता, दोन रिकाम्या जागा त्याला दिसत होत्या, आणि त्यानं बोट दाखवून सांगितलं होतं, ही भर, ती राहू दे. आणि मग घरी येऊन आपल्यालाच नारळ फोडायला लावला होता.

वामनराव बाहेर आले. मागून त्यांचे मित्र हातात हात घेऊन बोलत फाटकापर्यंत आले आणि तिथंच कोणाशी तरी बोलत थांबले. वामनराव सवयीनं पुढं बसले, पट्टा ओढून लावला.

"चाल. जेवला का?"

"नाई. दिवा दाखवाले गेलतो."

वामनरावांचा हात खिशातल्या चष्म्यावर थांबला. "म्या म्हणलं होतं ना, अमरावतीत पाहू."

"हाव. पण मले वाटलं, तुमी बसता या गाडीत." सूर्यभान समोर बघत म्हणाला. "तुमच्याकडचा फुगा चांगला हाय, भाऊसाहेब. माह्याकडं चिंधी निघाली."

"पुंजाजीनं केलं असन."

"पुंजाजीले फोन केलता म्या."

वामनराव जरा वरच्या आवाजात म्हणाले, "अरे, तेव्हा पार्टच भेटत नव्हता. लग्नसराई होती, गाडी पाहिजे होती. एकच भेटला."

"मंग तो तुमच्याकडं लागला."

"मंग कुठं लावाचा होता?"

एकच भेटला, हे खोटं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. पण हा प्रश्न खोटा नव्हता. वामनरावांनी तो अगदी मनापासून विचारला होता, पाऊस आला तर छत्री कोणावर धरायची असं विचारावं तसा. सूर्यभानला तोच सगळ्यात जास्त लागला.

तो खाली उतरला. गाडीच्या पुढून वळसा घालून डावीकडं आला आणि दार उघडून उभा राहिला.

"उतरा, भाऊसाहेब. तुमी तिकडं बसा. मी इकडं बसतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुहं? माहे गुडघे तुले माहीत नाई?"

"माहीत हाय. पण परवा तुमीच शेतात गाडी नेली होती. लायसन तुमच्या खिशात हाय. आज हायवेले चालवा. काई होत नाई, इतके दिवस मले काई झालं का?"

फाटकातले मित्र बोलणं थांबवून इकडं पाहू लागले. एकानं हाक मारली, "काय झालं, वामनराव?" वामनराव लाल झाले. मग हसले. "काही नाही. सूर्यभानले आज आराम देतो. जरा हात साफ करतो," असं मोठ्यानं म्हणत ते उतरले आणि उजवीकडं जाऊन बसले. चारचौघांत ड्रायव्हरशी वाद घालण्यापेक्षा त्यांना तेच सोपं वाटलं.

अकोला मागं पडलं. वामनराव तीसच्या वर जात नव्हते. समोर तो लाल दिवा जळत होता आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्यावर जात होती. ट्रक हॉर्न मारत अंगावरून निघून जायचे. प्रत्येक ट्रकला वामनराव सीटमध्ये मागं सरकायचे, छाती स्टेअरिंगपासून जमेल तेवढी लांब न्यायचे. सूर्यभानला ते दिसत होतं. त्याला वाटलं होतं, हे बघून बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. "डावीकडं घ्या थोडं," तो सांगत होता. "डिपर द्या त्याले. घाई करू नका." सवयच होती ती, माणसाला सुखरूप नेण्याची.

बोरगाव मंजू ओलांडलं आणि कापसाची पोती लादलेला एक ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यावरून न बघता हायवेवर चढला. वामनरावांनी ब्रेकवर पाय देऊन गाडी कशीबशी कडेला घातली. ट्रॅक्टर निघून गेला. काही झालं नव्हतं. पण वामनरावांचे हात स्टेअरिंगवरून सुटत नव्हते.

"उद्याच टाकून घेतो," ते म्हणाले. "उद्या सकाळीच, सूर्यभान. तुह्यासमोर टाकून घेतो."

"टाका," सूर्यभान म्हणाला. "टाकाच. माह्यामागून जो येईन, त्याच्यासाठी टाका."

वामनरावांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. "म्हणजे? एवढ्यासाठी सोडून चालला? घरचा मानला तुले मी. आजवर काय कमी केलं?"

"मानलं असन, भाऊसाहेब. गॅरेजात नाई मानलं."

त्यानं हात लांबवून दोन्ही बाजूंचे पिवळे दिवे चालू केले, हँडब्रेक ओढला. मग शेखरला फोन लावून गाडी कुठं उभी आहे ते नीट सांगितलं. "लवकर या, शेखरभौ. त्यायची पाचची गोळी राहिली हाय," एवढंच वर म्हणाला. का, कशासाठी, ते सांगत बसला नाही. पट्टा सोडला, दार हळू लावलं आणि बोरगावच्या थांब्याकडं चालू लागला. मागून वामनरावांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा नाही मारली.

एसटीला गर्दी होती, पण मूर्तिजापूरला उतरणाऱ्या एका बाईनं पोतं सरकवून त्याला खिडकीशी जागा करून दिली. कंडक्टर आला. सूर्यभाननं अमरावतीचं तिकीट मागितलं. दुसऱ्याच्या गाडीत निवांत बसून जाण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं ते मांडीवर ठेवले. मनगटावरचा भाजल्याचा डाग तिकीट धरलेल्या हाताखाली झाकला गेला.

थोड्याच वेळात वामनरावांची गाडी दिसली. कडेला तशीच उभी होती, पिवळे दिवे लुकलुकत होते. ऊन कलंडून थेट काचेतून आत शिरलं होतं, त्यामुळं आतलं सगळं स्पष्ट दिसत होतं. वामनराव पुन्हा सरकून डावीकडं येऊन बसले होते. छातीवरून पट्टा लावलेला, नजर सरळ रस्त्यावर. उजवीकडं कोणी नव्हतं.