पूल ओलांडणारा मुळा

पुलाच्या अलीकडे चपलांचा ढीग होता आणि पलीकडे बऱ्या झालेल्यांचा. मधल्या शंभर पावलांत चमत्कार होत होता.

खाम नदीवरचा हा जुना दगडी पूल दोन वर्षं दुरुस्तीसाठी बंद होता. उद्घाटनाला तीन भाषणं झाली आणि तिन्ही वक्त्यांनी तो इतिहासातल्या तीन वेगवेगळ्या लोकांकडून बांधून घेतला. मग तिथं बद्रीनाथ महाराज प्रकटले. आधी ते क्रांती चौकात मोबाईलची कव्हरं विकायचे. लाइफटाइम गॅरंटी तेव्हाही द्यायचे.

विधी सोपा होता. अलीकडे शिष्याच्या बादलीतल्या ‘तीर्थात’ पाय बुडवायचे, अनवाणी पूल ओलांडायचा, पलीकडे महाराज तळव्याला पिवळा लेप लावायचे. क्षणात तळवा लालभडक.

“दगडात साडेतीनशे वर्षांची एनर्जी आहे,” महाराज सांगत. “चांगलं ते टाचेतून डाउनलोड, वाईट ते अपलोड.”

जास्त लाल झालं तर रोग मोठा होता. कमी झालं तर अजून आत होता. दोन्हीवर उपाय एकच, उद्या परत या.

मनकर्णाबाई नऊ दिवस परत येत होत्या. पंधरा वर्षांची साखर, पायाला संवेदना नाही, उजव्या अंगठ्याखाली जखम. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज ड्रेसिंग, रोज इन्सुलिन आणि अनवाणी एक पाऊल नाही; जखम काळी पडली तर अंगठा काढावा लागेल. महाराज म्हणाले, सुई टोचली की पूल रुसतो. तेव्हापासून इन्सुलिन फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी पडून होतं.

सून रत्नमाला वाळूजच्या कारखान्यात सुटे भाग तपासायची. तिनं घरात दोन दिवस डोकं फोडलं. सासूबाईंचं उत्तर तयार होतं. “डागदरनं पंधरा वर्षांत काय दावलं? महाराजानं लाल करून दावलं.” डॉक्टरांनी खरंच कधी काही लाल करून दाखवलं नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारपाळी होती म्हणून ती सकाळी सोबत गेली. सासूबाई रांगेत, ती कठड्याच्या सावलीत. तिथं कमरोद्दीन मिस्त्री न्याहारी करत बसले होते. पुलाच्या सांध्यांत चुना त्यांनीच भरला होता, कठड्याचं थोडं काम उरलं होतं. त्यांच्या बोटांवरून वरण ओघळलं होतं आणि जिथं ओघळलं, तिथं लाल.

“मिस्त्री, हाताला लागलंय का?”

“चुने का हात है, ताई. हळद लागली की लाल होतो.” ते घास घेता घेता म्हणाले, “अपने हाथां तो रोज लाल होते. कौनसी बीमारी निकलरी?”

मग आवाज उतरवून त्यांनी सांगितलं की चुना भिजवलेल्या टाकीतली वरची निवळी कोणीतरी रोज पहाटे बादलीनं नेतं. “तीच बादली तुम्ही लोक रोज रांगेपुढं बघता,” ते म्हणाले. मग बोलला का नाहीत, असं तिनं विचारलं.

“मी बोललो तर गोष्ट चुन्याची राहणार नाय, ताई. माझ्या नावाची होईल.”

रत्नमाला उठली. कारखान्यात एकाच नमुन्यावर निकाल दिला तर साहेब घरी बसवतात. तिनं हातगाडीवरून दोन पांढरे मुळे घेतले. पहिला बादलीत बुडवून पिशवीत टाकला. दुसरा आपल्या बाटलीच्या पाण्यानं धुतला आणि सासूबाईंपुढं धरला.

“आत्याबाई, एवढा चालवत न्या. दगडाला टेकत राहू द्या.”

“मुळ्याला काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

भर रांगेत नाही म्हणवेना. मनकर्णाबाईंनी मुळ्याचा पाला धरला आणि शेरडू ओढावं तसा तो पुलावरून ओढत नेला. मागच्यांना वाटलं, नवा विधी आहे. दोघांनी मुळ्याला नमस्कार केला.

पलीकडे रत्नमालानं दोन्ही मुळे महाराजांपुढं ठेवले. लेप लावा म्हणाली.

“भाजीला रोग नसतो, ताई.”

“मग लाल होणारच नाही. भीती कसली?”

महाराजांनी लेपाची वाटी मागं घेतली. मनकर्णाबाईंनी तोवर त्यात दोन बोटं घातली होती. तो लेप त्यांनी दोन्ही मुळ्यांना फासला. पिशवीतून आलेला मुळा कुंकवासारखा लाल झाला. सगळा पूल चालून आलेला मुळा पिवळाच राहिला.

मनकर्णाबाईंनी आळीपाळीनं दोघांकडं बघितलं. “महाराज, ह्यो तर पूल चढलाच नाय. ह्याला साखर हाय का?”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. महाराज मुळ्याच्या मागच्या जन्माकडे वळले, पण तोवर हसू पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत पोचलं होतं. रत्नमालानं मोठ्यानं सांगितलं की लेप म्हणजे किराणा दुकानातली हळद आणि तीर्थ म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही भेटल्या की लाल होतं, मग मध्ये पूल असो वा नसो. शिष्य बादली टाकून पसार झाला. महाराजही दिसेनासे झाले. बादली मिस्त्रींनी टाकीत ओतून घेतली.

मनकर्णाबाई कठड्यावर बसून तळवा बघत होत्या. चुन्यानं जखमेभोवतीची कातडी भाजली होती. त्यांना कळलंही नव्हतं.

“माले, अंगठा जाईल का गं?”

रत्नमालाला माहीत नव्हतं. खोटा धीर तिनं दिला नाही. “चला, विचारू,” म्हणाली. सासूबाईंच्या चपला अलीकडच्या ढिगात राहिल्या होत्या, म्हणून तिनं आपल्या काढून त्यांच्या पायात घातल्या आणि स्वतः अनवाणी परत पूल ओलांडला. तिला काही डाउनलोड झालं नाही. खडे तेवढे टोचले.

अंगठा राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर राहिला नसता. सुई आता रोज होते.

पूल आजही तिथं आहे. शेकडो वर्षं दगड आणि चुन्यानं तो माणसांना या काठावरून त्या काठावर नेतोय. त्याच्याकडून याहून जास्त मागू नका. आजार झाला तर दवाखान्यात जा, पूल लागला तर चप्पल घालून ओलांडा. आणि कोणी तळव्याला काही लावायला आला, तर त्याला म्हणा, आधी मुळ्याला लाव.