नुकसान आमच्याच गाडीनं केलंय

रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या की दोन्हीकडून एकच आरोळी उठते, चूक तुझी. गोरक्षच्या वेळेला मात्र सगळं उफराटंच झालं. ज्याच्या गाडीला ठोकलं तो म्हणत होता, काही झालेलं नाही. आणि ज्याच्या गाडीनं ठोकलं तो, म्हणजे आपला गोरक्ष, हट्टाला पेटला होता की झालंय, नुकसान झालंय, आणि ते आमच्याच गाडीनं केलंय. असला भांडखोर सातपूरच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या सगळ्या शेडमध्ये दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता.

याचं मूळ नऊ वर्षांपूर्वीच्या एका पत्रिकेत होतं. गोरक्षची बायको वैष्णवी घोटीची. गोरक्षच्या आधी तिला बँकेत नोकरी करणारा एक मुलगा बघून गेला होता, किशोर नावाचा. त्यानं पोहे खाल्ले, मुलगी पसंत केली, मुलीनंही मान खाली घालून होकार दिला. यादीची बोलणी निघाली आणि गुरुजींनी पत्रिका बाजूला सारून सांगितलं, एकनाड आहे, नको. छत्तीसपैकी पुरते अठ्ठावीस गुण जुळले होते. नाडीचे आठ तेवढे गेले, आणि त्या आठांपुढे अठ्ठाविसांचं काही चालेना. पुढे दोन महिन्यांनी गोरक्षचं स्थळ आलं. त्याचे जुळले साडेअठरा. म्हणजे काठावर पास.

हे गोरक्षला कळलं कसं, तर सासूबाईंच्या कृपेनं. रंगूबाईंच्या पोटात काही राहत नसे. जावई आखाजीला जेवायला बसला की पोळीवर तूप वाढता वाढता त्या कुणाला तरी सांगायच्याच, ‘आमच्या वैष्णवीला बँकवालं स्थळ आलेलं बरं का! अठ्ठावीस गुण व्हते!’ मनात काही नसायचं त्यांच्या. पण जावयाच्या घशात पुरणाचा घास अडकायचा.

वैष्णवीनं त्या मुलाला नाकारलं असतं, किंवा त्यानं तिला नाकारलं असतं, तर विषय तिथंच मिटला असता. इथं कुणीच कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ग्रहांनी मोडलं होतं. त्यामुळे गोरक्षला आपलं उगाच वाटत राहायचं की ते लग्न कुठेतरी अजून व्हायचं बाकी आहे. बायकोनं नऊ वर्षांत त्या माणसाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं, आणि याचाही त्याला संशय होता. काहीच नसेल तर माणूस सहज नाव घेतो की!

तर त्या गुरुवारी वैष्णवी शिवलेले ब्लाउज पोचवायला गंगापूर रोडला निघाली होती. गाडी शिकून तिला चारच महिने झाले होते. गाडीही साधीसुधी नव्हती. एका मोठ्या अपघातात चेपून भंगारात निघालेली ती लाल गाडी गोरक्षनं सहा महिने खपून, पत्रा पत्रा ओढून उभी केली होती. डेंटिंगच्या कामात त्याचं नाव होतं. डोळे मिटून दारावरून तळवा फिरवला की तो सांगायचा, इथं पूर्वी काम झालंय. तर अशा माणसाची बायको संध्याकाळी घरी आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, ‘अहो, आज सिग्नलला पुढची गाडी एकदम थांबली. मी ब्रेक मारला, पण थोडी लागलीच.’

‘किती लागली?’

‘जराशी. ते उतरून आले. बघते तर किशोर. आपल्या घोटीला आले होते ना, ते.’

आपल्या घोटीला! नऊ वर्षांनी नाव आलं आणि तेही असं, शेजारच्या माणसाचं घ्यावं तसं.

‘काय म्हणाला?’

‘म्हणाले, काही झालेलं नाही, घाबरू नका. त्यांच्या बाटलीतलं पाणी दिलं प्यायला. आणि नंबर दिलाय, तुमच्या गाडीचं काही निघालं तर कळवा म्हणाले.’

गोरक्ष उठला आणि तडक खाली गाडीपाशी गेला. नंबर प्लेटचा डावा कोपरा तेवढा वाकला होता. तो त्यानं अंगठ्यानं सरळ केला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. मागून येऊन ठोकलं, चूक उघडउघड आपली, आणि तो म्हणतो काही झालं नाही. वर पाणी पाजतो. वर नंबर देतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बायको म्हणाली असती, कसला माणूस आहे हो तो, सुटले मी. आता ती काय म्हणत असेल मनात? किती भला माणूस! गोरक्षच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माणसाचा एवढासाही उपकार बायकोच्या डोक्यावर राहता कामा नये, तिच्या मनात त्याच्याविषयी चांगला शब्द उरता कामा नये, एवढं एकच त्याला कळत होतं.

त्यानं रात्रीचं जेवण भिंतीकडे तोंड करून उरकलं आणि सकाळी शेडमध्ये पोचल्या पोचल्या किशोरला फोन लावला.

‘साहेब, तुमच्या गाडीचं नुकसान झालंय.’

‘कोण बोलतंय?’

‘वैष्णवीचे मिस्टर. गोरक्ष.’

‘अच्छा, अच्छा! नाही हो भाऊ, मी बघितलं ना. साधा ओरखडासुद्धा नाही.’

‘वरून दिसायचं नाय. प्लास्टिकचा बंपर दबतो अन् परत फुगतो. आत ब्रॅकेट असतं, क्लिपा असतात. त्या गेल्या असणार.’

‘जाऊ द्या हो. ओळखीतलेच आपण.’

ओळखीतले! फोन ठेवल्यावर गोरक्षनं हातोडी अशी हाणली की सरळ करायला घेतलेलं मडगार्ड आणखी वाकलं. शेडमध्ये रंगकाम करणारे भिमाजी बाबा तोंडावरचा रुमाल खाली करून बघत राहिले.

‘काय रं गोरख, गिऱ्हाईक म्हणतंय काय झालं नाय, अन् तू म्हणतो झालंय?’ ते म्हणाले. ‘चाळीस वर्सं या धंद्यात हाय, आसं उलटं भांडण नाय पाह्यलं. काम नाय का तुला? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!’

गोरक्षनं मडगार्ड उलटं करून पुन्हा हातोडी उचलली. भिमाजी बाबांना काय सांगणार, अठ्ठावीस आणि साडेअठराचा हिशोब?

रविवारी फोनवर पत्ता विचारून तो सरळ किशोरच्या दारात गेला. गंगापूर रोडला मोठी इमारत, खाली टाइल्सचं पार्किंग, आणि तिथं ती पांढरी गाडी, लांबरुंद, नवी, बोट लावलं तर डाग पडेल अशी. किशोर घरच्या टी-शर्टवर खाली आला. केस विरळ झालेले, पोट थोडं सुटलेलं. गोरक्षला क्षणभर बरं वाटलं. पण मग तो हसला, आणि हसणं चांगलं होतं.

‘अहो भाऊ, कशाला एवढा त्रास घेतलात? चहा घ्या आधी.’

‘चहा नको.’ गोरक्ष फरशीवर उताणा पडला, मोबाइलची बॅटरी लावली आणि मागच्या बंपरखाली सरकला.

आणि त्याला सापडलं. उजव्या बाजूचं ब्रॅकेट वाकलं होतं, दोन क्लिपा तुटल्या होत्या. त्याच्या जिवाला असा काही गारवा मिळाला की विचारू नका. वरून चकचकीत आणि आतून मोडकं! तो खालूनच ओरडला, ‘बघा! म्हणलं नव्हतं?’

किशोर गुडघ्यावर बसून डोकावला. ‘उजवीकडे ना? ते नाही हो तुमचं. मागच्या महिन्यात मीच रिव्हर्स घेताना त्या खांबाला लावली होती. मिसेस अजून बोलते त्यावरून.’

गोरक्षनं तुटलेल्या क्लिपेच्या कडेवरून नख फिरवलं. नव्यानं तुटलेलं प्लास्टिक पांढरं असतं, स्वच्छ. ही कड काळी पडली होती, तिच्यात रस्त्याची महिनाभराची धूळ मुरलेली होती. शिवाय वैष्णवीची गाडी डावीकडून लागली होती आणि मोड उजवीकडे होती. शेडमधल्या नवशिक्यालाही कळलं असतं की किशोर खरं बोलतोय. कुणी गिऱ्हाईक असली जुनी मोड नव्या अपघाताच्या गळ्यात मारायला आलं असतं, तर गोरक्षनं त्याला शेडबाहेर काढलं असतं.

‘नाय,’ तो म्हणाला. ‘हे ताजंय. आमच्याच गाडीनं केलंय.’

‘अहो, मला माहीत आहे ना मी कुठे ठोकली ते!’

‘धंदा माझा हे साहेब, तुमचा नाय. नुकसान आमच्याकडून झालंय आणि भरूनही आम्हीच देणार. चावी द्या.’

दहा मिनिटं दोघं हुज्जत घालत होते. वॉचमन खुर्ची घेऊन जवळ सरकला. एक म्हणे चूक माझी, दुसरा म्हणे माझीच. शेवटी किशोरनं हात जोडले आणि चावी दिली. दिली तीही हसत. गोरक्षला वाटलं, याला एकदा तरी चिडता येतं की नाही?

दोन दिवस त्यानं त्या गाडीवर जीव ओतला. ब्रॅकेट बदललं, क्लिपा नव्या बसवल्या, बंपर उतरवलाच आहे तर रंगही करून घेतला, रंग केला तर बाकीची गाडी फिकी दिसते म्हणून पॉलिशही केलं. भिमाजी बाबा म्हणाले, ‘सासऱ्याची हे का रं?’ गोरक्ष रोज उशिरा घरी जायचा, मान खाली घालून जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. वैष्णवी काही बोलायला आली की हूं म्हणायचा. तिच्याकडे बघितलं की तिच्या डोळ्यांत पाण्याची ती बाटली दिसेल अशी त्याला धास्ती वाटत होती. म्हणून बघायचंच नाही.

मंगळवारी दुपारी किशोर गाडी न्यायला सातपूरला आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बंपरवरून हात फिरवला आणि मनापासून म्हणाला, ‘शोरूममधून आल्यासारखी झालीय. तुमच्या हातात जादू आहे भाऊ.’ त्यानं पाकीट काढलं. गोरक्षनं त्याचा हात अडवला.

‘फिटलं आता सगळं,’ तो म्हणाला. हे वाक्य त्यानं पाच दिवस मनात घोळवलं होतं, आणि म्हणताना त्याला धन्य वाटलं. आता घरी जाऊन बायकोला सांगायचं, त्या माणसाचं काही देणं राहिलं नाही.

किशोर गाडीत बसला, काच खाली केली आणि सहज विचारावं तसं त्यानं विचारलं, ‘बरं, वहिनींचा हात कसा आहे? सूज उतरली का?’

गोरक्षच्या कानात काही वेळ फक्त शेजारच्या शेडमधला ग्राइंडर वाजत राहिला. हात? कुठला हात? उजवा की डावा? या माणसाला माझ्या बायकोचा हात सुजलेला माहीत आहे. आणि मला?

‘उतरली,’ तो म्हणाला. ‘बरा हे आता.’

‘एक्स-रे काढून घ्या म्हटलं होतं मी. काढला ना?’

‘काढला.’

‘मग ठीक. काळजी घ्या म्हणावं.’ पांढरी गाडी गेली.

गोरक्ष भिमाजी बाबांना काही न सांगता मोटरसायकलवर बसला. इतकं जळलं होतं त्याचं मन की सिग्नलला मागच्यानं तीनदा हॉर्न दिला तेव्हा तो हलला. नवरा मी, आणि सूज त्याला ठाऊक! बघतोच तिच्याकडे, असं तो स्वतःशी म्हणत होता.

वैष्णवी मशीनवर बसली होती. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. लपवलेलं बिलपवलेलं काही नव्हतं, चांगलं अर्ध्या हातापर्यंत गुंडाळलेलं होतं, कडा मळून काळ्या झाल्या होत्या. डाव्या हातानं कापड सरकवत ती कशीबशी टीप घालत होती.

‘आज लवकर?’ तिनं विचारलं.

‘हे कधी लागलं?’

‘त्या दिवशीच. स्टिअरिंगवर मुरगळला.’

‘मला सांगितलं नाहीस.’

‘मी आल्या आल्या तुम्ही गाडी बघायला गेलात. मग पाच दिवस माझ्याकडे बघितलंच नाहीत.’ ती हे चिडून बोलली नाही. दोरा ओवता ओवता बोलली.

‘त्याला बरं सांगितलंस!’ इतक्या दिवसांचं साचलेलं शेवटी त्याच्या तोंडून निघालंच.

वैष्णवीनं हातातला दोरा सोडला आणि त्याच्याकडे बघितलं. ‘मी कुठे सांगितलं? त्यांनी विचारलं.’

इतका वेळ गोरक्ष पायातले बूट न काढता दारातच उभा होता. मग आत आला आणि तिच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसला.

‘सांग,’ तो म्हणाला. ‘काय झालं ते. पहिल्यापासून.’

तिनं आधी त्याच्याकडे संशयानं बघितलं. मग सांगायला लागली. सिग्नल सुटला, पुढे एक सायकलवाला आडवा आला, पांढरी गाडी थांबली, हिचा ब्रेक उशिरा लागला, मनगटातून कळ मस्तकात गेली, हातपाय असे कापायला लागले की दार उघडता येईना. मग किशोर उतरून आला. त्यानं गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, तुम्हाला लागलं का. आणि म्हणाला, सूज चढायच्या आत हातातल्या बांगड्या काढा, नाहीतर कापाव्या लागतील. मग बांगड्या काढल्या.

कुणी काढल्या? गोरक्षच्या जिभेवर आलं. तो शब्द त्यानं दाताखाली दाबून धरला. तिचं मनगट त्यानं दोन्ही तळव्यांत घेतलं, आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं, ‘अजून दुखतंय का?’

‘दुखतंय,’ वैष्णवी म्हणाली.