नऊ पोरं, नऊ नंबर

गावची सून हर्षाली हिनं अंगणवाडीच्या फरशीवर नऊ चिठ्ठ्या मांडल्या. सरपंच सुभाषभाऊ दारातच उभे. नाचणी-शेंगदाण्याचा लाडू चालू ठेवायचा की बंद, ते आज ठरणार होतं.

"वजनाची सरासरी वाढली म्हनता, पर ती एकट्या नवनाथनं वाढवली," ते म्हणाले. "पोरगं लाडू खातंय का डबा?"

सेविका रत्नाताई खुदकन हसल्या. हर्षालीला हसू येईना, कारण सरपंचांचं खरंच होतं. एक महिना बिनलाडवाचा, एक लाडवाचा. दोन्ही महिन्यांत प्रत्येक पोराचं वजन किती वाढलं, त्या दोन वाढींतला फरक एकेका चिठ्ठीवर. नवनाथचा फरक सगळ्यांना झाकून टाकत होता.

"म्हणूनच सरासरी सोडली, भाऊ. शर्यतीच्या घाटात तुमचा बैलगाडा लई पुढं राहिला, म्हणून पहिल्याच्या वरचा नंबर मिळतो का?"

"न्हाई बा. पयला तो पयला."

"तसंच हे. कुठल्या महिन्यात जास्त वाढ ते न बघता, सगळ्यात लहान फरकाला एक, मोठ्याला नऊ. नवनाथ कितीही फुगला तरी नऊच! आता लाडवाच्या महिन्यात ज्यांचं वजन कमी वाढलं, त्यांच्या नंबरांची बेरीज करायची. नऊ जणांसाठी संख्याशास्त्राच्या तक्त्यात पाचाची हद्द दिलीय; बेरीज तिच्या वर गेली नाही, तर हा नुसता योगायोग म्हणणं अवघड."

अशा उलट्या चिठ्ठ्या दोनच. सोनीबाईंच्या नातीचा फरक सगळ्यात लहान, म्हणजे एक. दुसरी हर्षालीच्याच लेकाची, संघर्षची. या किडकिडीत पोरासाठीच तर तिनं लाडू सुचवला होता.

"तुझंच पोर," रत्नाताई कुजबुजल्या. "काढून टाक. कोन इचारतंय?"

हर्षालीचा हात थबकला. याची काढली, तर नवनाथची का नको? तिनं चिठ्ठी रांगेत सरकवली. एकीच्या पुढं, अजून एकीच्या पुढं... आणि तिथंच बसली. तीन!

"एक न् तीन, चार!" ती ओरडलीच. "चार, रत्नाताई, चार!"

"लाडू चालू!" सुभाषभाऊंनी जाहीर केलं. "आन सूनबाई, आमच्या बैलांच्या खुराकाचं बी असंच बघा की."

"पर संघर्षचं काय?" रत्नाताईंनी विचारलं.

हर्षालीनं कोपऱ्यात खेळणाऱ्या संघर्षला कडेवर उचललं होतं.

"बाकीची बहुतेक पोरं भरली, हा नाही. म्हणजे खाणं कमी पडत नसेल, ताई, दुसरंच काही असेल! मी उगाच घास कोंबत बसले. आत्ताच मंचरला डॉक्टरांना दाखवते."

ती तशीच अनवाणी रस्त्याला लागली.