गिरिजानं शिजवलेलं सुकट

“कुणी शिजवलं हे?” ईश्वरप्पा धोतराचा सोगा नाकाला लावून जिना चढून आला. घरमालकच तो, त्यातून माडी त्याच्या आजोबांनी बांधलेली. मग काय विचारता!

मी गोधडीत पडून होते. तापानं आठवडाभर पोटात पाणी ठरत नव्हतं. ग्लानीत म्हणे मी बडबडले, “वाईच सुकट मिळालं तर जीव ऱ्हाईल.” आणि ही खुळी गिरिजा, जिनं जन्मात अंडं हातात धरलं नाही, ती दवाखान्यातलं आयाचं काम उरकून बाजारातनं सुकट घेऊन आली! सुकट आधी कोरडं भाजायचं असतं, हे तिला कुठलं ठाऊक? डाळ शिजवावी तसं तिनं ते भरपूर पाण्यात रटारटा उकळलं. गळ्यातलं लिंग पदराखाली घट्ट झाकलं, तोंड खिडकीकडं केलं आणि ढवळत बसली. वास आमच्या साऱ्या बाळीवेशीत, गल्लीगल्लीत गेला.

ईश्वरप्पा ही खोली फक्त लिंगायतांनाच द्यायचा. गिरिजा मंद्रूपची, त्यांच्यातलीच. मी मोडनिंबच्या शेतकऱ्याची लेक. बहात्तरच्या दुष्काळात गिरणीत कामाला आले, तेव्हा मला कुणी दारात उभं करीना. दवाखान्यात ओळख झालेल्या गिरिजानंच मालकाकडं शब्द टाकला, “केराबाई चांगली बाई हाय. हितं मांसमच्छी करनार न्हाय, माजी हमी.” मग एका खोलीत दोघी, दोन कोपऱ्यांत दोन चुली. सकाळी तळहातावर लिंग घेऊन तिची पूजा चाले, तोवर मी माझी चूल पेटवत नसे. सुकटाची आठवण झालीच तर गावी भावाकडं जाऊन खायची. इतक्या वर्षांत तिचा शब्द मी खाली पडू दिला नव्हता. आणि आता हमी देणारीच पळी घेऊन उभी!

“मालक, मीच मागितलं,” म्हणत मी उठायला गेले.

“सुम्म कूड!” गिरिजा कानडीत ओरडली. चिडली की तिला मराठी सुचत नसे. मग मराठीत, “गप पड तू.”

ईश्वरप्पाचा आवाज जरा खाली आला. “हे बग गिरिजाबाई, तू आपली हायस. केराबाईनं शिजवलं म्हण. ती जाईल, तू ऱ्हा. संक्रांतीला देवाचे नंदीध्वज वाजतगाजत ह्याच खिडकीखालनं जात्यात. आनि कुटं असं बगायला मिळंल तुला?”

 दर संक्रांतीला गिरिजा ती खिडकी धुऊन काढायची, पहाटेपासून हार घेऊन तिथं उभी राहायची. नवरा गेल्यावर तिच्या नशिबात सणासुदीचं तेवढंच उरलं होतं. ‘हो’ म्हणाली असती तरी मी तिला बोल लावला नसता.

“तिचा हात उचलंना, ती काय शिजवतीय?” गिरिजा म्हणाली. “मी आनलं, मी शिजवलं. आता भरवते, मग काय ते बोला.”

आणि खरंच, तो दारात उभा असताना तिनं मांडीवर माझं डोकं घेऊन भरवलं. अगं बाई, काय ते सुकट! मीठ नाही, तिखट नाही, दाताखाली रेती कचकचत होती. मी रडत रडत सगळं खाल्लं. ईश्वरप्पानं सोगा पुन्हा नाकाला लावला. मग “खोली मोकळी करा” एवढं म्हणून खाली गेला.

आता आम्ही पाच्छा पेठेत एका विणकराच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. मागांच्या खडखडाटात कोण काय शिजवतं हे विचारायला मालकाला सवड नाही. जागा एवढीशी, चूल एकच मावते. आधी गिरिजा करून घेते, मग मी. संक्रांतीला ती रस्त्यावर गर्दीत टाचा उंचावून उभी राहते, मी हार धरते. जुन्या खिडकीकडं आम्ही दोघीही बघत नाही.

त्या चुलीवर मी अजून सुकट केलेलं नाही. बाजाराला निघाली की गिरिजा हटकून विचारते, “आनू का गं? हितं कोन बोलनार हाय?”

“नगं,” मी म्हणते. “तुला शिजवता येत न्हाय.”