काखेतल्या गाठीची हाक

मी एक जुनी गाठ आहे, मित्रांनो. चांगली एक्केचाळीस वर्षांची. दचकलात ना? सगळेच दचकतात. 'गाठ' म्हटले की माणसांचा चेहरा उतरतो आणि आवाज खाली जातो. पण मी आजार नाही. लुंबिनीच्या डाव्या काखेत मी तिच्या जन्माआधीपासून राहते. माझ्यासारख्या गाठी तुमच्याही काखेत, मानेत, जांघेत आहेत, शेकड्यांनी आहेत. आम्हाला लसीकाग्रंथी म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण मी मात्र जात्याच भित्री. का, ते पुढे कळेलच.

माझे काम सोसायटीच्या गेटवरच्या गार्डचे आहे. अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणीदार रस वाहत असतो, त्याला लसीका म्हणतात. हाताकडून वर येणारी लसीका माझ्यातून गाळून पुढे जाते. तिच्यातून एखादा जंतू आला तर मी त्याला अडवते आणि माझ्याकडच्या पांढऱ्या पेशींच्या हवाली करते. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसीकेला तसे कोणी नाही, बिचारीला. माणूस चालला, हात हलवले, पोटभर श्वास घेतला, तरच ती पुढे सरकते. तो बसून राहिला की आमच्याकडची वाहतूक रेंगाळते.

लहानपणी लुंबिनी वर्ध्याला होती. जन्मल्याबरोबर तिच्या डाव्या दंडावर क्षयाची लस टोचली, तीच माझी पहिली शाळा. मग ती खो-खो खेळली, सायकल हाणली, हापशावरून पाणी भरले. लसीका कशी खळाळत यायची! पडझड, खरचटणे, काटे रोजचेच असत, पण घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय ताट मिळत नसे. निम्मे जंतू तिथेच संपत. मला फारसे भ्यावे लागत नसे.

पुढे तिला दिल्लीच्या सरकारी कार्यालयात नोकरी लागली. लग्न होऊन ती गाझियाबादला आली. नवरा धम्मदीप, मुलगी समता आणि सासू मीराबाई, असे चौघांचे घर. कार्यालयात आठ तास खुर्ची. श्वास घ्यायचा तोही वरच्यावर. मेट्रोत कडी धरायला हात वर जाई, तेवढाच माझा व्यायाम. सीट मिळाली की तोही बुडाला. हृदयाची चित्रे लोक भिंतीवर लावतात, मला मात्र कोणी विचारत नव्हते. त्याचे मला काही नव्हते. वाटाण्याएवढे असावे आणि कोणाच्या बोटाला लागू नये, यातच आम्हा गाठींचे सुख असते.

पण या घरात गाठीची एक गोष्ट आधीच घडून गेली होती. लुंबिनीची थोरली बहीण विनया फरीदाबादला राहायची. तिच्या काखेत गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून आणि भीतीपायी विनयाने सात महिने कोणालाच सांगितले नाही. सांगितले तेव्हा उशीर झाला होता. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात त्या आजाराचे नावही कोणी घेत नाही. "ताईला 'ते' झालं होतं," एवढेच म्हणतात आणि विषय बदलतात.

आता या एप्रिलचे ऐका. चौदा एप्रिलच्या जयंतीची तयारी चालली होती. कॉलनीतल्या बायका आमच्याच बैठकीत बसून बांबूच्या काड्यांना निळे झेंडे लावत होत्या. लुंबिनीच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात, नखाखाली, बांबूचे कुसळ घुसले. तिने चिमट्याने ओढले. अर्धे निघाले, अर्धे आतच मोडले. "चलो, निघालं," असे म्हणून तिने पुढचा झेंडा हातात घेतला. हात धुवायला उठावे, हे एवढ्या मोठ्या हापिसरणीला सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी समताने जयंतीसाठी आईची नखे रंगवली. गडद निळी, झेंड्याच्या रंगाची. दर वर्षी मायलेकी अशी नखे रंगवतात. दहाही नखे सारखी चमकू लागली. त्या निळ्या रंगाआड काय चालले आहे, ते फक्त मला दिसत होते.

जंतू आले, मित्रांनो. आधी थोडे आले, मग झुंडीने. मी पांढऱ्या पेशी वाढवत गेले आणि स्वतःही फुगत गेले. वाटाण्याची आवळ्याएवढी झाले. मला फार भीती वाटत होती. माझ्यामागे आणखी थोड्या गाठी, आणि त्यांच्यामागे थेट रक्त. आम्ही हटलो तर हे सगळे रक्तात शिरणार होते. लुंबिनीला सांगावे तर मला तोंड नाही. सुजणे आणि दुखणे, एवढीच माझी हाक आहे. तेरा तारखेला आंघोळ करताना तिचा हात माझ्यावर पडला.

हात तिथेच थांबला. तिचे काळीज धडधडू लागले, ते मला शेजारूनच ऐकू येत होते. तिला बोट आठवले नाही. तिला विनया आठवली.

त्या दिवशी मेट्रोत तिने मोबाईलवर 'काखेत गाठ' असे शोधले. दोन ओळी वाचल्या आणि मोबाईल पर्समध्ये टाकला. डॉक्टरकडे गेले तर ते नाव घेतील, म्हणून जायचेच नाही, असा तिने हिशेब केला. चौदाला तिला वंदना म्हणायची होती. पांढरी साडी नेसून ती प्रतिमेसमोर उभी राहिली आणि एका हातानेच फुले वाहिली. कोणाच्या काही लक्षात आले नाही. मग मनाशी म्हणाली, समताची पुस्तके आणून होऊ देत. मग म्हणाली, रविवार येऊ दे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ना, तो तिच्याही पाठी लागला होता आणि माझ्याही. दिवसातून वीसदा ती मला चाचपून बघे, दाबून बघे. अगं बाई, दाबू नकोस, मी आधीच कोंडीत आहे, असे मला ओरडावेसे वाटे. आणि दुखते म्हणून तिने हात हलवणेही सोडले. बोट ठसठसत होते, पण या भीतीपुढे बोटाला कोण विचारतो!

सोळा तारखेला संध्याकाळी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. डावा हात खांद्याच्या वर जाईना. अंगात कणकण होती. मीराबाई खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या. त्यांनी जुडी खाली ठेवली.

"काय झालं वं? हात काहून वर जात नाही?"

"काही नाही आई. ऑफिसचं काम... मान अवघडलीय."

"मान अवघडली तर कोपर अंगाशी दाबून कोणी चालत नाही. काखेत अवधाण आलं काय?"

समता आतून आली. "अवधाण म्हणजे काय, आजी?"

"घ्या! दिल्लीच्या पोरीले अवधाणही माहीत नाही. हाताला जखम चिघळली की काखेत गाठ येते. पायाला चिघळली की जांघेत. आमच्या शेतात काटा मोडला की ठरलेलंच." मग सुनेकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गाठ आहे ना?"

लुंबिनी रडू लागली. "आई, मला पण ताईसारखंच... मला 'ते'च झालंय बहुतेक. तीन दिवस झाले, गाठ हाताला लागतेय."

"तीन दिवस एकटीच भीत बसली? हात दाखव आधी."

हात पालथा झाला. पाच निळी नखे. वरून पाहता काहीच नव्हते. मीराबाईंनी एकेक बोट हलकेच चेपले. अंगठ्याशेजारचे बोट धरताच लुंबिनी कळवळली.

"समता, हे निळं पुसायचं औषध आण."

कापसाने रंग उतरला. खाली नख पिवळे पडले होते, कडेला पू टचटचला होता, आणि मनगटाच्या दिशेने एक लाल रेघ चढत होती. समता ओरडली, "मम्मा, यार, हे मीच लपवलं! मी रंग लावला!" मी मात्र चार दिवसांत पहिल्यांदा सुटकेचा श्वास टाकला. कोणीतरी दाराबाहेर बघितले होते.

पण माझ्या नशिबी सुख कुठले! मीराबाई स्वयंपाकघरातून कोमट तेलाची वाटी घेऊन आल्या. "चोळून देते, उतरून जाईल." मी गारठले. जंतूंनी ठासून भरलेली मी, आणि वरून चोळणार? तेवढ्यात धम्मदीप कार्यालयातून आला. त्याने लाल रेघ पाहिली, कपाळाला हात लावून पाहिला आणि गाडीची चावी तशीच हातात ठेवली. "आई, तेल बिल्कुल नको. ही रेघ वर चाललीय. चल लुंबिनी, आत्ताच्या आत्ता."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बोट सुन्न करून नखाची कड उघडली. पू निघाला आणि त्याबरोबर बांबूचे कुसळही. मग त्यांची बोटे माझ्यावर आली. ती थंडगार होती. आता मला कापतात की काय, या भीतीने मी अर्धमेली झाले.

"मैडम, ये वही है ना?" लुंबिनीने विचारले. 'ते' नाव तिच्या तोंडून निघालेच नाही.

"अभी तो आपकी गाँठ अपना काम कर रही है. अच्छा काम किया इसने," बाई म्हणाल्या. "दवाई पूरी लेना. गाँठ को न दबाना, न मालिश करना. तीन हफ़्ते में न बैठे तो जाँच करेंगे. घबराना नहीं, पर आना ज़रूर."

एक्केचाळीस वर्षांतले माझे हे पहिले कौतुक. पण कौतुकाने भीती जात नाही. ते तीन आठवडे आम्ही दोघींनी जीव मुठीत धरून काढले. लुंबिनी रोज भिंतीवर बोटांनी चढत चढत हात वर नेई. कार्यालयात तासाला एकदा उठून जिन्यापर्यंत जाऊन येई आणि खिडकीपाशी उभी राहून पोटभर श्वास घेई. लसीका पुन्हा सरकू लागली. आवळ्याचे बोर झाले, बोराचा वाटाणा झाला. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी खूप चाचपले, तरी मी त्यांना सापडले नाही.

घरी आल्यावर तिने समताला जवळ बसवले आणि विनयामावशीला काय झाले होते ते सांगितले. 'ते' म्हटले नाही. कर्करोग म्हटले. स्वतःच्या काखेत आणि छातीत बोटे कशी फिरवून बघतात तेही सांगितले. मीराबाई ऐकत होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण विषय बदलला नाही.

मित्रांनो, मी अजूनही भित्रीच आहे. म्हणून हात जोडून सांगते, हिंडा-फिरा, हात वर करा, दीर्घ श्वास घ्या. खरचटले तर तिथल्या तिथे साबणाने धुवा. आणि गाठ लागली, दुखरी असो की न दुखणारी, तर ती चोळू नका, लपवू नका. प्रत्येक गाठ अवधाण नसते. ते ठरवायचे काम डॉक्टरांचे आहे, भीतीचे नाही.

विनयाच्या काखेतली ती गाठ माझी बहीणच म्हणायची. तिला तर दुखूनही सांगता येत नव्हते. तरी तिने सात महिने हाक मारली, आणि कोणी ओ दिली नाही. तुम्ही खुशाल भ्या. मीही भिते. पण ओ द्या.