हर्मेलिंदाचे न धुतलेले पाय

“यंदा तुम्ही खुर्चीवर बसायचं, हर्मेलिंदाबाई,” फादर आन्सेल्मो म्हणाले. “माझे गुडघे गेले. पाय नेलिदा धुवेल.”

“आणि मी?”

“तुम्ही बारांपैकी एक. मानाची जागा आहे.”

“काम काढून घेतलं की मान देतात, फादर. म्हाताऱ्या बैलालाही देतात.”

येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी आमच्या वायलापाता गावातही बारा जणांचे धुतात. इतकी वर्षं फादर धूत आणि हर्मेलिंदा घागर घेऊन मागे उभी राही. एरवी ती आजाऱ्यांना सूप पोचवी, अंथरुणाला खिळलेल्यांना न्हाऊ घाली. कोणी आजारी पडलं की तिला वाईट वाटे, आणि थोडं बरंही वाटे. मग नेलिदा या गावात लग्न होऊन आली आणि तिनेही सूप सुरू केलं. तिच्या सुपात मांस असे. आंधळा कासियानो तर एका शनिवारी हर्मेलिंदाकडून अंग धुऊन घेताना म्हणाला, “त्या पोरीचा हात हलका आहे गं.” त्या शनिवारी कासियानोची पाठ जरा जास्तच घासली गेली.

आता आमची एक रीत आहे. खुर्चीवर बसणारे बाराही जण घरूनच पाय घासून, नखं कापून, नवे मोजे घालून येतात. धुणाऱ्याची गैरसोय नको.

त्या गुरुवारी हर्मेलिंदाने टायरच्या चपला घालून गावभर सूप वाटलं, येताना मुद्दाम मेंढ्यांच्या वाड्यातून आली आणि तशीच खुर्चीवर बसली. बघू म्हटलं, हात किती हलका आहे तो.

“मावशी, मेंढरू आणलंस का बरोबर?” शेजारच्या खुर्चीवरून एउसेबियो बेकरीवाल्याने विचारलं.

“गप बस. पायांना अत्तर लावून आलायस, लाज वाटू दे.”

नेलिदा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली. पहिल्याच ओंजळीत परातीतलं पाणी तपकिरी झालं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी माना उंचावल्या. हर्मेलिंदा नेलिदाच्या नाकाकडे बघत होती. ते मुरडलं असतं तर वर्षभर सांगायला पुरलं असतं. नेलिदाने पाणी बदललं. पुन्हा बदललं. चिखल गेला आणि खालून टाचांच्या भेगा दिसायला लागल्या, खोल, आत सुकलेलं रक्त. नेलिदाचा अंगठा थांबला.

“मावशी,” ती हळूच म्हणाली, “दुखतं का गं?”

हा प्रश्न हर्मेलिंदाने गावातल्या प्रत्येक खाटेपाशी विचारला होता. उत्तर द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

“दुखतं,” ती म्हणाली. मग, अगदीच हार नको म्हणून, “पाणीही गार आहे तुझं.”

“थांब, कोमट आणते.”

नेलिदा परात उचलून गेली. फादर थांबले, गाणारे थांबले, रांगेतले उरलेले सगळे स्वच्छ पाय ताटकळले. हर्मेलिंदाने ओला पाय फरशीला टेकू दिला नाही. तो तसाच अधांतरी धरून ती दाराकडे बघत बसली.